खिडकीजवळची खाट

वृद्धाश्रमात बेचाळीस म्हातारी माणसं आणि सकाळच्या पाळीला सिस्टर एकटी. गोळी देण्याआधी नाव विचारायचं, हा नियम भिंतीवर फ्रेम करून टांगलेला. टांगणारा व्यवस्थापकच म्हणायचा, "नावं कसली विचारता? खाटेचा नंबर बघा नि उरका."

सात नंबरची खाट म्हणजे शुगरची गोळी. सिस्टरने ती खाटेवरच्या आजींच्या तळहातावर ठेवली. आजींनी ती तोंडाकडे नेली, तोच शेजारची म्हातारी ओरडली, "अगं बये, ती माझी! आम्ही खाटा बदलल्यात!"

सिस्टरने झडप घालून गोळी काढून घेतली. या आजींना शुगर नव्हतीच, त्यात सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही.

"जीव नकोसा झालाय का तुम्हाला, आजी?"

"रागावू नकोस पोरी. इथून फाटक दिसतं. आज रविवार, लेक येईल. मग बरोबरच खाऊ."

लेक दोन वर्षांत फिरकला नव्हता. मेल्याला साधा फोन करायला सवड नव्हती.

सिस्टरने खाटा तशाच राहू दिल्या. आजींची रक्तदाबाची गोळी काढली आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

आजींनी स्वतःचं, नवऱ्याचं, मग आडनाव, एकेक शब्द चवीने सांगितला. गोळी गिळली, पण सिस्टरचा हात सोडेनात.

"उद्या पण विचारशील ना गं?"

"रोज विचारीन. आता दोन घास खा."

"तो आला की," आजी म्हणाल्या.