पाणचक्कीचं जेवण

"काका, जेवण कधी?" धक्क्यावरून फिदेल ओरडला, आणि माझ्या होडीत बसलेल्या बायका फिसकन हसल्या.

"चक्की उभी राहू दे की लेका," नोलास्कोकाका म्हणाले. "तुझं पोट काय पळून जातंय?"

"पोट नाही जात, दात चाललेत!"

काकाही हसले. पण मी मोटार सुरू करताना पाहिलं, त्यांनी टोपी पार डोळ्यांवर ओढून घेतली होती. अंगात मर्तिकाला घालायचा काळा कोट होता. आज ते पलीकडच्या शहरात जाऊन चक्कीचं काय झालं ते स्वतःच विचारणार होते. दोन हिवाळे झाले, निरोप पाठवून पाठवून थकले होते बिचारे.

या जेवणाची गोष्ट अशी. आमच्या बेटांवर घर हलवायचं तर ते कुणी मोडत नाही. खाली ओंडके सारतात, बैल जुंपतात, सगळा गाव दोर धरतो आणि घर भिंतीछपरासकट नव्या जागी जातं. मध्ये समुद्र आला तर भरतीच्या पाण्यावर तरंगवत नेतात. याला मिंगा म्हणतात. मजुरी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. घर पोचलं की मालकानं जेवण घालायचं, तेही पोचलेल्या जागी. आणि हललेलं घर पोचतंच. ओढता ओढता कुणाचा पाय मोडला असेल, बैल बसला असेल, पण घर वाटेत राहिलं असं माझ्या आजीनंही कधी सांगितलं नाही.

काकांची पाणचक्की त्यांच्या आजोबांनी ओढ्यावर बांधली होती. चाकाचे दाते, फळ्या, सगळं लुमा नावाच्या झाडाच्या लाकडाचं, लोखंडाला लाजवील असं. आमच्या बाजूचा सगळा गहू तिथंच दळला जायचा. दळणाला पाळी असायची आणि पाळीवरून भांडणं. बेटावरची निम्मी लग्नं चक्कीच्या ओट्यावर बसून जमली आणि उरलेली निम्मी तिथंच बसून मोडली. काका आत दगडाला टाकी लावत असायचे, भुवयांवर पीठ. ऐकायचे सगळं, बोलायचे काही नाही. एकच नियम त्यांनी कधी मोडला नाही. ज्या घरात माणूस गेलं त्या घरचं दळण आधी, आणि त्यातून चक्कीचा वाटा काढायचा नाही.

माझा नवरा समुद्रात गेला, सापडला नाही, तेव्हा नऊ दिवसांच्या प्रार्थनेला येणाऱ्यांच्या पावाचं पीठ काकांनी पाठीवर वाहून आणलं होतं. दाराशी पोतं ठेवलं आणि न बोलता गेले. त्या दिवसांत सगळे माझ्याशी फार बोलत होते. न बोललेले तेवढे एकच लक्षात राहिले.

मग शहरातून पांढऱ्या पिठाच्या गोण्या यायला लागल्या, माझ्याच होडीतून. बायकांनी हळूहळू ओढ्याची वाट सोडली. चक्कीकडं उरलं ते भाजलेल्या गव्हाचं पीठ, आणि तेही म्हाताऱ्यांपुरतं. काकांना मूलबाळ नाही. आपल्यामागं चक्की कुजून जाणार याचाच त्यांना घोर. अशात शहरातली माणसं आली. चौकाजवळच्या बागेत जुन्या वस्तूंचं संग्रहालय करणार, तिथं चक्की उभी करणार, पाणी सोडून फिरवणार, शाळेतली पोरं बघायला येणार. काका लगेच हो म्हणाले. वरून म्हणाले, आमचा गाव मिंगा करील, बैल लावून अख्खी किनाऱ्यावर आणून देऊ.

त्यावर ती माणसं हसली. "अख्खी कशाला? फळ्या सुट्या करून नेऊ. रंगानं खुणा केल्या की झालं."

"म्हाताऱ्या, ऐक माझं," काकांची बायको एदेल्मिराकाकू सगळ्यांदेखत म्हणाली. "खिळे काढले की ते घर नसतं, सरपण असतं."

"शिकलेली माणसं आहेत ती, एदेल्मिरा."

"मग शिकू दे त्यांना ओढायला."

पण काकांनी मिंगाचा शब्द दिला होता. सगळे आले. बैलांनी दगड ओढले, आम्ही फळ्या वाहिल्या, शिव्या घालत का होईना काकूनंही वाहिल्या. सामानानं भरून बोट शहराकडं गेली. जेवण तिकडं चक्की उभी राहिल्यावर, असं ठरलं. काकूनं त्यासाठी डुक्करही पोसायला घेतलं. पुढं त्याचं काय करायचं हा प्रश्न पडला, कारण डुक्कर म्हातारं व्हायला लागलं.

शहरात पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. बागेत चक्की नव्हती. झोपाळे होते. कचेरीत एका मुलीनं सांगितलं, ते साहेब गेले, नवे साहेब रजेवर आहेत, जुनं सामान असेल तर मागच्या आवारात बघा.

आवारात एक रखवालदार होता. गडी मोठा प्रेमळ. आम्हाला भिजलेलं बघून त्यानं आत ओढलं, चुलीपाशी बसवलं, काकांच्या हातात माते म्हणजे कडू पाल्याच्या गरम चहाचा कप दिला.

"प्या आजोबा. गारठलात." मग त्यानं कोपऱ्यातली एक फळी उचलली, गुडघ्यावर आपटली, मोडेना, तेव्हा तशीच चुलीत सरकवली. फळीवर पांढऱ्या रंगाची खूण होती.

मी काकांकडं पाहिलं. ते फळीकडं पाहत होते.

"चांगलं लाकूड मिळालंय," रखवालदार म्हणाला. "कुठल्यातरी बेटावरून आलेलं खुराडं होतं म्हणे. दोन वर्षं पावसात पडलंय, कुणी विचारायला येईना. मागचा हिवाळा यावरच काढला."

"आणि दगड?" काकांनी विचारलं.

"होते की दोन मोठे. नव्या धक्क्याच्या भरावात गेले."

म्हणजे सकाळी आम्ही त्यांच्यावरूनच उतरलो होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, एवढ्यात काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाब घट्ट होता.

"कुणाकडं काम होतं का आजोबा?"

"नाही रे बाबा. पाऊस होता म्हणून थांबलो." काकांनी कप रिकामा करून परत दिला. "लुमाचं दिसतंय. एका वेळी एकच घाल. पुष्कळ वेळ जळतं ते."

परतीच्या वाटेवर मी सुकाणू धरून बडबडत राहिले. तक्रार करू, रेडिओवर सांगू, त्या साहेबाला शोधून काढू. काका पाण्याकडं बघत राहिले. धक्का आला तसं म्हणाले, "रोसाल्बा, माझ्याबरोबर चल जरा. चिखलात पाय टिकत नाहीत."

मला वाटलं घरी जायचंय. ते फिदेलच्या दाराशी थांबले. मिंगा मागायला जातात तशी टोपी काढून हातात धरली, आणि पावसात उभे राहिले. फिदेल दात दाखवत बाहेर आला. टोपी बघून दारातच थांबला.

"फिदेल, तुझे बैल होते. चक्की पोचली नाही. जेवण होणार नाही. माफी असावी."

फिदेलचं तोंड उभ्या जन्मात बंद राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. "बसा ना काका," एवढंच कसंबसं म्हणाला.

"नको. अजून घरं आहेत."

ज्यांनी ज्यांनी हात लावला होता त्या प्रत्येक दारी ते गेले. तेच शब्द, तीच टोपी हातात. बायका डोळे पुसत होत्या, काका मात्र कोरड्या आवाजात आपलं वाक्य पुरं करत होते. माझ्या दारीही त्यांनी मला आत पाठवलं, दार लावायला सांगितलं, आणि मग वाजवलं. मी उघडलं. ऐकून घेतलं. मला रडू आवरलं नाही.

अंधारताना आम्ही त्यांच्या घराशी आलो. चुलीचा धूर येत होता. मला वाटलं आता तरी सरळ आत जातील. त्यांनी स्वतःचंच दार वाजवलं.

"अरे म्हाताऱ्या, दार काय वाजव—" काकू दारात आली आणि थांबली.

"एदेल्मिरा, तू फळ्या वाहिल्या होत्यास. चक्की पोचली नाही. जेवण होणार नाही. माफी असावी."

"सांगितलं होतं ना मी," हे वाक्य काकू दोन वर्षं जिभेवर घेऊन बसली होती. ते तिनं तसंच गिळलं. नवऱ्याच्या ओल्या डोक्याकडं बघत राहिली.

"किती घरं राहिलीत अजून?" तिनं विचारलं.

"हे शेवटचं."

"मग ये आत."

उंबरा चढताना त्यांना आम्हा दोघींच्या हातांचा आधार घ्यावा लागला.