सहा दशांश ग्रेन

थर्मन बॅस्कमने मला शिकवायला घेतलं तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते आणि तो एकोणसत्तरचा. तरी त्याच्या तोंडी मी ‘पोरी’च. हिवाळ्यात मी काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवते. उन्हाळ्यात आमच्या वायोमिंगात माणसाने एक तर मासे धरावेत, नाहीतर हजार यार्डांवरच्या पोलादी पाटीला गोळी लावावी. माशांचा मला वास सहन होत नाही.

थर्मन काडतुसं विकत घेत नसे, गॅरेजात स्वतः भरत असे. झाडलेली पितळी नळी साफ करायची, मापात आणायची, बंदुकीची दारू काट्यावर तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, भरायला बसण्याआधी काट्यावर ठरलेलं वजन ठेवून काटा खरा आहे ना ते पाहायचं. बायको, कुत्रा आणि काटा, तिघांनाही रोज विचारायचं, ठीक आहे ना म्हणून, असं तो म्हणे. बायको चिडून आतून काहीतरी बोलायची, कुत्रा शेपूट हलवायचा.

यंदा राज्याच्या संघात एकच जागा रिकामी होती आणि ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होती. शेवटच्या सामन्याआधी मी दोन गुणांनी पुढे होते. शिष्याकडून हरण्यासारखं सुख नाही, असं थर्मन क्लबात सगळ्यांना सांगत फिरला. इतकं गोड बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ते मी तेव्हाच टिपून ठेवायला हवं होतं.

सामन्याआधीच्या शनिवारी आम्ही नेहमीसारखे त्याच्याकडे भरायला बसलो. तो दारू तोलणार, मी गोळ्या बसवणार. काटा तपासायचं वजन कपाटात होतं. मी ते मागितलं नाही. त्याचीच कॉफी पीत, त्याच्याच समोर त्याच्या काट्याची परीक्षा घ्यायची, हे मला जमेना. माझी शंभर काडतुसं झाली. मग थर्मन म्हणाला की काट्यावर धूळ बसलीय. त्याने काटा पुसला, पुन्हा शून्यावर आणला आणि स्वतःची भरायला घेतली.

आमच्या खेळात अंदाज घ्यायला फुकटची गोळी मिळत नाही. पहिलीच गुणांत धरतात. सामन्याच्या सकाळी शंभर यार्डांवर माझी बंदूक सुतासारखी सरळ मारत होती. पण लांबच्या पाट्यांवर गोळी थेट खाली, धूळ पाटीच्या बुडाशी. माझा वारा वाचायला मागे बसलेल्या थर्मनला मी वळून विचारलं. टेकडीवरून येणारा वारा खाली दाबतोय, आत्ता पडेल, दुर्बिणीवरचे तुझे आकडे बदलू नकोस, असं त्याने सांगितलं. मी बदलले नाहीत. सहाव्या फेरीला माझाच धीर सुटला, मी थोडं वर धरलं आणि पाट्या वाजायला लागल्या. तोवर उशीर झाला होता. एका गुणाने जागा त्याची झाली.

त्याच आठवड्यात मी उरलेली अकरा काडतुसं घरी उघडली आणि दारू माझ्या काट्यावर तोलली. वजन ठेवून काटा आधी तपासला, दोनदा. प्रत्येकात सहा दशांश ग्रेन कमी. तांदळाचे दोन दाणे घ्या, तेवढंच. पण हजार यार्डांवर तेवढ्याने गोळी वीतभर खाली जाते. हात चुकला असता तर एकात कमी, एकात जास्त निघालं असतं. अकराच्या अकरा अगदी सारखी होती. इतकं नेमकं काम आमच्या भागात एकालाच जमतं.

आमच्या क्लबात जो दुसरा येतो तो राखीव असतो, आणि संघातल्या माणसामागे बसून त्याला वारा वाचून सांगायचं काम त्याचं. त्याचीच बोलणी करायला रविवारी थर्मन आला, बायकोने भाजलेला ‘पाय’, रूबार्बचं आंबटगोड सारण भरलेला, घेऊन. मी त्या काडतुसांतल्या दारूच्या अकरा पुड्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि काटा त्याच्यापुढे सरकवला. त्याने एकही तोलली नाही.

तो म्हणाला, “डावा डोळा गेला, पोरी. उजव्यालाही डॉक्टरने दोन वर्षं दिलीत. तुझ्यापुढे अजून किती सामने आहेत.”

“मग तसं मागायचं होतं. दिली असती.”

“मागून घेतलेली जागा काय कामाची?”

यावर मला हसू आलं, म्हणजे नुसतं तोंड वाकडं झालं. त्याने आणलेलं गोड मी कापलं नाही. तो दारापर्यंत गेला, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि ज्यासाठी आला होता ते शेवटी विचारलं.

“तिथे वारा मला खरा सांगशील ना?”

“खराच सांगेन, थर्मन,” मी म्हटलं. “तो खरा मानायचा की नाही, ते तुझं तू ठरव.”

त्याला पायरी नीट दिसली नाही. मी हात दिला नाही.