तिसरं पेडल

गिअरबॉक्स खाली उतरवायचा म्हणजे आधी त्यातलं तेल काढावं लागतं. मिस्त्रीने गाडीखाली पत्र्याची परात सरकवली, बोल्ट सैल केला आणि जे बाहेर आलं ते पाहून नाक मुरडलं. लाल असायला हवं ते तेल काळंकुट्ट झालं होतं, वर त्याला करपल्याचा वास. गाडी दीड वर्ष दारात उभी होती. मधे दोनतीनदा चालू करून पाहिली तेव्हा इंजिन फिरायचं, पण चाकं ढिम्म हलायची नाहीत.

"गेला," तो स्वतःशीच म्हणाला.

गाडी बायकोची होती, आणि बायको म्हणजे सगळ्या गावाची मॅडम. बावीस वर्षं तिने लोकांना गाडी चालवायला शिकवलं. गावात जे कोणी धड गाडी चालवत होते त्यातल्या निम्म्यांनी तिची बोलणी खाल्लेली. "क्लच आधी, गिअर मग. डावा पाय काय शोभेला आणलाय?" हे वाक्य तर लोक घरी पोरांवरही वापरायचे. पुढे तिचा डावा गुडघा कुरकुरायला लागला, डॉक्टरांनी क्लच दाबणं बंद करा म्हणून सांगितलं, आणि घरात ऑटोमॅटिक गाडी आली. पहिले सहा महिने मॅडमनी त्या गाडीचा नुसता उद्धार केला. डाव्या पायाला पेन्शन दिलीय म्हणायची. गाडी चालवतेय की पाळण्यात बसलेय तेच कळत नाही म्हणायची. मिस्त्रीला हे सगळं बोलणं पाठ होतं. त्यानंतर ती हळूहळू गप्प झाली, गाडी तिच्या अंगवळणी पडली, एकटीच लांब लांब जाऊन यायला लागली, हे मात्र त्याच्या ध्यानात राहिलं नाही. नवरे तक्रारी लक्षात ठेवतात. तक्रार कधी थांबली ते कोण लिहून ठेवतो?

मग एका सकाळी चहाचा कप तिच्या डाव्या हातातून आपोआप निसटला. कप उचलायला वाकली ती उठलीच नाही. तीन आठवडे हॉस्पिटलात काढले. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. पुढे जीभ सगळ्यांत आधी सुटली, त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. काठी घेऊन ती घरातल्या घरात चालायला लागली. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, आणि डावा पाय ती ओढत न्यायची.

आठवड्यातून तीनदा मिस्त्री तिला टॅक्सीने व्यायामाच्या बाईंकडे घेऊन जायचा. दारापर्यंत सोडायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. आत जायची त्याची छाती नव्हती. एकदाच गेला होता, अगदी सुरुवातीला. आपल्या बायकोला दोन दांड्यांमधून लहान मुलासारखं पाऊल टाकताना पाहिलं आणि तसाच बाहेर आला. तेव्हापासून त्याने ते दार उघडलं नाही. टॅक्सीवाले वेळेवर यायचे नाहीत, आले तर काठी पाहून कुरकुरायचे. म्हणून आपली गाडी दुरुस्त करायची असं त्याने ठरवलं आणि ती ओढून गॅरेजमधे आणली.

"होईल ना हो ती नीट?" तिने जेवताना विचारलं.

"होईल की. न व्हायला काय झालं?"

चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, "गिअरबॉक्स मिळाला का?"

"मिळेल गं. तुला कशाला घोर?"

ती हसली आणि डाळीचा वाडगा पुढे सरकवला. तिने आपल्या गाडीची चौकशी दोनदा केली याचं त्याला काहीच वाटलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

गिअरबॉक्स मिळायला आठ आठवडे लागणार होते. तो बाहेरून मागवावा लागतो, असं पार्टवाल्याने सांगितलं. आठ आठवडे थांबायला काही हरकत नव्हती, खरं तर. दीड वर्ष थांबलेच होते की. पण त्याच आठवड्यात मिस्त्रीला भंगारवाल्याकडे तशीच एक गाडी दिसली. मागून चेपलेली, पण पुढचं सगळं शाबूत, आणि गिअरची. त्याने आत हात घालून दांडा पहिल्यात टाकला, दुसऱ्यात टाकला. लोण्यासारखा जात होता. तिथेच त्याच्या डोक्यात आलं.

"लोक गिअरची गाडी ऑटोमॅटिक करून द्या म्हणतात," भंगारवाला म्हणाला. "तुम्ही बरे उलटे निघालात."

"बायकोला गिअरची आवडते."

"अच्छा. म्हणजे चालवणार त्या?"

"ती कशी चालवेल आता? चालवणार मी."

"मग आवड कुणाची आणि गाडी कुणाची?" असं म्हणून भंगारवाला हसला. मिस्त्रीही हसला. शहाण्या माणसाने तिथेच थांबून विचार केला असता.

अकरा दिवस तो त्या गाडीत घुसून होता. गाडीला गिअर बसवायचा म्हणजे नुसता गिअरबॉक्सचा डबा बदलून भागत नाही. खालची बैठक बदलायची, चाकांचे दांडे बदलायचे, मधे भोक पाडून गिअरचा दांडा वर काढायचा. ऑटोमॅटिकच्या ब्रेकचं पेडल चांगलं रुंद असतं. ते त्याने कापून काढलं आणि भंगारातल्या गाडीची तीन अरुंद पेडलं त्या जागी बसवली. सगळ्यांत जास्त डोकेदुखी तारांची. गाडीच्या कॉम्प्युटरला जुना गिअरबॉक्सच हवा होता. तो सापडेना म्हणून कॉम्प्युटर इंजिनच चालू करू देईना. दोन तारा एकमेकींना जोडून मिस्त्रीने त्याची समजूत घातली. जुना डबा त्याने गिअरच्या डब्याच्या बदल्यात भंगारवाल्याला दिला. भंगारवाल्याने तो दुसऱ्याच दिवशी घणाने फोडून अॅल्युमिनियमच्या ढिगात टाकला.

काम करताना मिस्त्री गुणगुणत होता. तिला आपल्या शेजारी बसवायचं, गावाबाहेरच्या चढाच्या रस्त्याला न्यायचं आणि दुसरा, तिसरा, चौथा असे गिअर टाकत जायचं, असं चित्र त्याने मनात रंगवलं होतं. इंजिन ओढायला लागलं की होणारा आवाज तिला आवडायचा. पुन्हा तो कानावर पडला की ती बोलेल, चुका काढेल, जुन्यासारखी होईल, असं त्याला वाटत होतं. घरी मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही. आणल्यावर बघ, एवढंच सांगितलं. त्या अकरा दिवसांत तीही फार खुशीत होती. तिला सुगावा लागला की काय, अशी त्याला शंका आली.

रविवारी सकाळी त्याने गाडी धुऊन पुसून दारात आणली आणि हॉर्न वाजवला.

ती बाहेर आली ती तयार होऊनच. पायांत पातळ तळाचे कापडी बूट होते. शिकवायला जाताना घालायची ते. दीड वर्षात तिने ते घातले नव्हते. खांद्याला पिशवी होती. मिस्त्री उतरून तिच्यासाठी डावीकडचं दार उघडायला धावला, तर ती काठी टेकत उजवीकडे वळली.

"अगं, तिकडून नाही, इकडून."

"कळतं मला," ती म्हणाली. उजवं दार तिने स्वतःच उघडलं, आधी बसली आणि मग डावा पाय हाताने उचलून आत घेतला. सगळं इतक्या सफाईने केलं की तो बघतच राहिला. पिशवीतून तिने एक काळी मूठ काढली. स्टिअरिंगला आवळून बसवायची, एका हाताने ते फिरवता यावं म्हणून मिळते तशी. ती मूठ तिने स्टिअरिंगवर धरून पाहिली. मग खाली पायांकडे पाहिलं.

उजव्या बुटाच्या टोकाने तिने पेडलं मोजली. तीन.

"हे काय?"

"क्लच!" मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात अजून आनंद होता, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. "गिअरची केली तुझी गाडी. तुला ती ऑटोमॅटिक आवडत नव्हती ना?"

उजव्या हाताने डावी मांडी उचलून तिने पाय त्या पेडलवर ठेवला. पाय तिथे नुसता पडून राहिला. दाबायचा प्रयत्न करताना तिच्या कपाळावरची शीर फुगली. मग बूट पेडलवरून घसरला आणि पाय खाली चटईवर आला.

"ऑटोमॅटिकला एकच पाय लागतो," ती म्हणाली. "उजवा. तो माझा चांगला आहे."

मिस्त्री दार धरून उभा राहिला.

मग ती सांगत गेली आणि तो ऐकत गेला. नऊ महिने व्यायामाच्या बाईंकडे तिचा तोच उद्योग चालला होता. घरातला वजनकाटा तिने तिकडे नेऊन ठेवला होता. त्याच्यावर उजवा पाय ठेवून ब्रेक किती दाबायचा, किती पटकन सोडायचा, याचा सराव करायची. स्टिअरिंगऐवजी परातीला मूठ लावून फिरवायची. तिकडच्या बाया हसायच्या. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तपासून लिहूनही दिलं होतं की एक हात आणि एक पाय एवढ्यावर ऑटोमॅटिक गाडी चालवायला हरकत नाही. तो कागद पिशवीत होता. तिने तो बाहेर काढला नाही.

"मग मला बोलली का नाहीस?"

"गॅरेजवर चालवत यायचं होतं एकदा. तुम्ही कुणाच्यातरी गाडीखाली आडवे असणार, तेव्हा शेजारी उभी करून हॉर्न वाजवायचा होता."

"मला वाटलं, तू शेजारी बसशील, आवाज ऐकशील..."

"शेजारी," ती म्हणाली. तिने मूठ पिशवीत टाकली. "एक विचारू? तुम्ही कधी ठरवलंत?"

"काय?"

"की मी आता चालवणार नाही."

गॅरेजमधे गिऱ्हाईकाला सांगायला मिस्त्रीकडे छप्पन्न थापा असायच्या. तिच्यासमोर त्याला एकही सुचली नाही.

"हॉस्पिटलात," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी."

"तिसऱ्या," ती म्हणाली. "तेव्हा तर मला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. तेव्हाच सांगायचंत. मी एवढा खटाटोप केला नसता."

तिला काठी हवी होती. त्याने ती दिली. गाडीला वळसा घालून ती घरात गेली. तो मागून चालत होता, पण तिचा हात धरावा की धरू नये हे त्याला ठरवता आलं नाही.

त्याच दुपारी तो भंगारवाल्याकडे धावत गेला. जुन्या डब्याचे तुकडे ढिगात होते. डबा उतरवताना मिस्त्रीने त्यावर खडूने गाडीचा आकडा लिहिला होता, तो एका तुकड्यावर अजून दिसत होता. मग त्याने तोच गिअरबॉक्स बाहेरून मागवला, जो आधीच मागवता आला असता. आठ आठवडे लागले. तोवर त्याने स्वतःच्या हाताने केलेलं सगळं स्वतःच्या हाताने उकललं. तिसरं पेडल काढलं, रुंद ब्रेक नवा करून बसवला, पाडलेल्या भोकावर पत्रा वेल्ड केला, तारा पुन्हा वेगळ्या केल्या. इतकं नीट काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. शिवण दिसू नये म्हणून खालचा गालिचा नवा टाकला. त्या आठ आठवड्यांत व्यायामाला तो तिच्याबरोबर आत जायला लागला. तिने ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. चालण्याचे व्यायाम ती मन लावून करायची. वजनकाट्यावर मात्र तिने त्या रविवारनंतर पाय ठेवला नाही, आणि व्यायामाच्या बाईंनी तो घरी परत पाठवून दिला.

गाडी तयार झाली तेव्हा तो किल्ली घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. ती पलंगावर बसून एका हाताने कपड्यांच्या घड्या घालत होती. टॉवेलचं एक टोक हनुवटीखाली धरून.

"झाली," तो म्हणाला. "पहिल्यासारखी. एक फेरी मारून बघ."

"तुम्हीच चालवा. मी येते बसायला."

"तुझ्यासाठी केलीय गं."

"माहीत आहे मला." तिने घडी मांडीवर ठेवली. "तुमच्यावर राग नाहीये माझा. खरंच नाही. पण मी स्टिअरिंगवर बसले की तुम्ही शेजारी बसणार. आणि मला सारखं वाटत राहणार, ह्यांना खात्री नाही. तसं वाटलं ना, की ब्रेकवरचा पाय अडखळतो. किती जणांचा अडखळताना पाहिलाय मी."

मला खात्री आहे असं म्हणायला मिस्त्रीने तोंड उघडलं. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण चौतीस वर्षांच्या संसारात त्याचं खोटं तिने कधी पचू दिलं नव्हतं, आणि खात्री तर त्याला अजूनही नव्हती.

ते वाक्य येतं का, याची तिने वाट पाहिली. मग काठी घेऊन ती उठली. अंगणात मिस्त्री पुढे झाला आणि त्याने तिच्यासाठी गाडीचं डावीकडचं दार उघडलं.