मावशीच्या भिंतीचं भेगमापक

चंद्रपूरजवळच्या त्या कोळसा खाणीतले साहेब मोठे अभ्यासू. रोज दुपारी खाणीत सुरुंग उडायचा, गावातली भांडी फळीवरून खाली यायची; पण भिंती तडकतात त्या उन्हाने, असा साहेबांचा शोध होता. सुरुंग बिचारा निमित्तालाही नव्हता.

रोशनीला या शोधाची चीड यायची. पुण्याच्या कारखान्यात ती सूक्ष्म मोजमापाची उपकरणं डिझाइन करायची, आणि तिची अन्नपूर्णा मावशी याच गावात, वरपासून खालपर्यंत भेगाळलेल्या भिंतीशी खाट टाकून झोपायची. सुरुंगानेच भेग वाढते हे सिद्ध झालं, तर मावशीला खाणीपासून लांब घर मिळणार होतं.

म्हणून रोशनीने भेगमापक तयार केलं. भेगेच्या दोन्ही अंगांना पोलादी टिकल्या चिकटवायच्या, प्रत्येकीवर केसाहून बारीक रेघ, आणि दोन रेघांमधलं अंतर छोट्या सूक्ष्मदर्शकातून वाचायचं. चांगल्या भिंतीवरही तिने एक जोडी लावली, म्हणजे उन्हाचा वाटा वेगळा काढता येईल. चंद्रपूरच्या मे महिन्यालाही हे भेगमापक पुरून उरलं होतं. आता फक्त खाणीच्या वामनराव साहेबांसमोर सुरुंगाआधी आणि नंतर मोजायचं होतं.

ती साहेबांना घेऊन आली आणि दारातच थिजली. भेग गायब. ओलं सिमेंट, त्यावर ताजा निळा चुना.

"मावशी, हे काय केलं?"

"पाहुणे येऊन राह्यले, अन् त्याईले फाटकी भित दाखवू का? तुह्या टिकल्या नाई फेकल्या वं. घासूनपुसून डब्यात ठेवल्या."

रोशनीने डिझाइनमध्ये उन्हाचा विचार केला होता, धुळीचा केला होता. मावशीच्या पाहुणचाराचा केला नव्हता. सगळ्या कष्टांवर बोळा फिरला. तिला रडूच आलं.

वामनराव मात्र खुलले. खुर्ची भिंतीशी ओढून ऐसपैस बसले. "उपकरण उत्तम आहे हो मॅडम. मोजायला काहीतरी हवं, एवढंच."

तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला आणि सुरुंग उडाला. कौलं खडखडली, बाबासाहेबांची तसबीर तिरकी झाली, आणि ओल्या सिमेंटमधून भेग सरळ खाली उतरली. एक खपली साहेबांच्या कॉलरमध्ये पडली.

साहेबांनी मान झटकली, घसा खाकरला. "ओलं प्लास्टर. तडकणारच. रिपोर्टात तसंच लिहितो." एवढं ठामपणे सांगून त्यांनी खुर्ची उचलली आणि अंगणात, भर उन्हात नेऊन ठेवली.

मावशी चहा घेऊन बाहेर आली. "साहेब, उन्हात काऊन बसले? घरात या नं."

"राहू द्या बाई. इथंच बरं आहे."

मावशीने कप त्यांच्या हातात दिला आणि काळजीने विचारलं, "तुमाले घडीभर बसाचं भेव वाटते का, साहेब? मले तं रोज तिथंच झोपाव लागते."