सगळे उठायचे, ती बसून राहायची

मित्रांनो, गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेल्या सतरंजीकडे कोणी वळून पाहत नाही. तरी माझं थोडं ऐका. मी एक जुनी सतरंजी आहे. अठरा हात लांब, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, कडेला लाल किनार असलेली. उंद्रीपासून दोन कोसांवर ओढ्याकाठी एक वस्ती आहे. तिथल्या ख्रिस्तमंदिराच्या मागच्या खोलीत मी सध्या राहते.

माझा जन्म झाला तेव्हा महाराष्ट्र राज्याला जेमतेम एक वर्ष झालं होतं. वस्तीत कॅथलिक घरं चौदा. ख्रिस्तमंदिर म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांबट खोली, वर पत्रे आणि समोर वेदी म्हणून एक टेबल. लोक शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसत. हिवाळ्यात म्हाताऱ्यांचे गुडघे आखडत. मग प्रत्येक घराने आपल्या वाट्याचा कापूस वेगळा काढला. शालिग्राम मास्तरांनी त्याचं सूत करून घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून देऊळगाव राजाला नेलं. हे मास्तर वस्तीचे धर्मशिक्षक. मुलांना प्रार्थना शिकवायच्या, मयताला पुढे उभं राहायचं, भांडणं मिटवायची, सगळं त्यांच्याकडेच.

देऊळगावात बद्रुद्दीनचाचा माग चालवत. त्यांनी सूत हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "लग्नाकार्याची हाय का मास्तर?"

"नाही चाचा. प्रार्थनेले बसायले."

"इबादत के वास्ते? मग किनार माह्याकडून. लाल घालतो, पक्क्या रंगाची."

चाचांनी सव्वीस दिवस लोखंडी पंजाने ठोकून ठोकून माझा एकेक धागा बसवला. त्यांचा रंग आजही उतरलेला नाही. बाकी मी पुष्कळ उतरले आहे.

वस्तीत माझं फार कौतुक झालं. पहिल्या दिवशी तर कोणी माझ्यावर पाय ठेवायला धजेना. महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी फादर येत. एसटीने उंद्रीपर्यंत आणि तिथून पायी. ते आले की मिस्सा होई. मिस्सा म्हणजे आमच्या लोकांची मुख्य उपासना. त्या काळी ती लॅटिन भाषेत असे. फादर लोकांकडे पाठ करून वेदीपुढे उभे राहत आणि लोक मागे बसून जपमाळ ओढत. शेवटी ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवर अर्पण केलेल्या भाकरीचा पवित्र घास, घ्यायची वेळ आली की माझ्यावरचे सगळे मोठे लोक उठत आणि हात जोडून पुढे जात. माझ्यावर उरत ती निजलेली लेकरं. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात एक बाई.

ती बाई म्हणजे सुभद्राबाई. साठीच्या आसपासची. विधवा, हाडाने काटक, बोलायला फटकळ. मुलगा, सून सिंधू आणि नात तेरेजा एवढंच तिचं घर. सगळ्या घराने एकदमच बाप्तिस्मा घेतला होता. पण पहिलं ख्रिस्तशरीर घ्यायचं तर आधी धर्मशिक्षणाचे प्रश्न पाठ करावे लागत आणि फादरांसमोर उत्तरं द्यावी लागत. सुभद्राबाईंना ती देता येत नव्हती.

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. रविवारी दुपारी मास्तर माझ्यावर पोरांचा वर्ग घेत, तेव्हा तीही मागे येऊन बसे. पोरं एका सुरात उत्तरं म्हणत आणि तिचे ओठ नुसते हलत राहत.

"मावशी, देव किती हायेत?" मास्तर विचारत.

"एक."

"अन् त्या एका देवात व्यक्ती किती?"

"तीन." ती बोटं मोजे. "म्हंजे एकच ना हो मास्तर? का तीन?"

पोरं हसत. तीही हसे आणि म्हणे, "माह्या डोस्क्यात टिकतच नाही. दयणावर बसली का पिठासंगं सारं बाहीर पडते."

तेव्हाचे फादर परदेशी होते. पांढऱ्या दाढीचे, मायाळू, पण नियमाला पक्के. त्यांच्यासमोर ती तीनदा उभी राहिली. तिन्ही वेळा तिची जीभ टाळ्याला चिकटली. तिन्ही वेळा फादर मोडक्या मराठीत हळूच म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेला." तिसऱ्या वेळी मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हापासून तिने विचारणं सोडलं.

येणं मात्र सोडलं नाही. एकदा सिंधूने शेजारणीला सांगितलेली गोष्ट मी ऐकली. "आत्याबाई फादर यायच्या दिवशी सकाळपासून पान्याचा घोटबी घेत नाहीत. ख्रिस्तशरीर घेणाऱ्यानं उपाशी रहा लागते म्हणतेत. म्या म्हटलं, तुमाले तं घ्यायचं नाही, मंग काऊन? तं म्हणतेत कशा, कोणाले ठाऊक, आज म्हणतीन ये म्हणून."

मित्रांनो, हे ऐकलं आणि त्या दिवसापासून मला तो कोपरा जड वाटू लागला. फादर येणार त्या प्रत्येक रविवारी ती उपाशी येई. सगळे उठत, ती बसून राही, आणि उपाशीच घरी जाऊन चूल पेटवी.

पुढे तेरेजा आठ वर्षांची झाली आणि तिच्या पहिल्या ख्रिस्तशरीराचा दिवस आला. पांढऱ्या मांजरपाटाचा झगा आजीनेच शिवला होता. केसांत कण्हेरीची पांढरी फुलंही आजीनेच माळली. पोर पुढे गेली. वेदीपुढे गुडघ्यांवर बसून तिने तोंड उघडलं. इकडे सुभद्राबाईंनी माझी किनार मुठीत धरली आणि इतकी आवळली की एक धागा तुटला. परत येऊन तेरू तिला बिलगली आणि कानाशी म्हणाली, "आजी, तू काऊन नाही आली?"

"मी येईन वं माय. तू हो पुढं."

सदुसष्ट सालच्या पावसाळ्यात जुने फादर बदलून गेले आणि फादर इनास आले. वसईकडचे, तरुण, लांब ढांगा टाकत चालणारे. त्यांनी आल्या आल्या टेबल फिरवलं आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. रोमहून आज्ञा झाली आहे, म्हणाले, आता मिस्सा आपल्या भाषेत. लोक बुजले. काही म्हाताऱ्यांना तर रडू आलं. लॅटिनचे शब्द समजत नसले तरी ते त्यांचे झाले होते. नवीन उत्तरं लोक मास्तरांच्या मागून अडखळत म्हणू लागले.

ख्रिस्तशरीर वाटण्याआधी एक लहानशी प्रार्थना असते. त्या दिवशी ती पहिल्यांदा मराठीत झाली. प्रभू, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी लायकी नाही, तू नुसता शब्द बोल म्हणजे मी बरा होईन, अशा अर्थाची. मास्तरांच्या मागून सगळी खोली ते बोलली. मग सगळे उठले आणि पुढे गेले. कोपऱ्यातली बाई नेहमीसारखी बसून राहिली. पण तिची जपमाळ थांबली होती. ते मला कळत होतं.

मिस्सा संपली, लोक पांगले. ती उठली नाही. फादर वेदीवरचं आवरत होते.

"फादर, एक इचारू?"

"विचारा की आजी."

"ते शेवटी सारे काय बोलले? आपली लायकी नाही म्हणून?"

"हो."

"मास्तरबी बोलले?"

"मास्तरही बोलले. मीसुद्धा बोललो."

"तुमीबी!" तिने पदर सावरला. "मंग पह्यलच्या भाषेतबी हेच बोलत होते काय?"

"हेच बोलत होते."

"अन् असं बोलून मंग घ्यायले जात होते?"

फादर हातातलं काम ठेवून तिच्यासमोर माझ्यावर येऊन बसले. ती खाली पाहत म्हणाली, "मले वाटे, जे लायक हायेत तेच जातेत. मी एकलीच नालायक. म्हणून मांगं बसून राहे."

फादरांनी एवढंच विचारलं, "आजी, ती भाकर म्हणजे काय, असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं काय त्यात? तो सोता हाय. दुसरं काई असतं तं मी इतके वर्सं उपाशी कायले आली असती?"

फादरांनी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. मिस्सा संपली होती, वेदीवर काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, "पुढच्या खेपेला, आजी. नक्की."

तेच शब्द. पण ती हसली. "हाव. पुढल्या खेपेले."

पुढची खेप ऑगस्टात. त्या आठवड्यात पाऊस खळला नाही आणि ओढ्याला पूर आला. मी खोलीत अंथरलेली होते, वाट पाहत. पुढचं मला लोकांच्या बोलण्यातून कळलं. फादर पलीकडच्या काठापर्यंत आले होते. खांद्यावर पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल. अलीकडे वस्ती उभी, आणि सगळ्यांच्या पुढे उपाशी सुभद्राबाई. मध्ये गढूळ पाणी. फादरांनी दोनदा पाण्यात पाय घातला. मास्तर इकडून ओरडले, "नका येऊ फादर, वाहून जासान!" शेवटी त्यांनी तिथूनच हात उंच करून आशीर्वाद दिला आणि मागे वळले. सगळे परतले तरी ती काठावरच उभी होती. त्या दिवशी भिजली आणि तापाने अंथरुणाला खिळली.

सप्टेंबरातल्या तिसऱ्या रविवारी फादर आले तेव्हा दारातच मास्तर म्हणाले, "मावशीचं काई खरं नाही. तीन दिवस झाले, पोटात अन्न नाही."

फादरांनी पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. "आजची मिस्सा त्यांच्या अंगणात. सतरंजी उचला."

दोघांनी मला खांद्यावर घेतलं. सहा वर्षांत मी पहिल्यांदा ख्रिस्तमंदिराबाहेर पडत होते. अंगणातला चिखल गोवऱ्यांच्या राखेने आणि तुराट्यांनी झाकला होता. त्यावर मला अंथरलं. सुभद्राबाईंची खाट बाहेर आणली. तिचं पापनिवेदन ऐकायला फादर खाटेशी बसले, तेव्हा सगळे अंगणाच्या काटेरी कुपाटीबाहेर जाऊन उभे राहिले. मी मात्र तिथेच होते. मी ऐकलं. पण ते मी कोणाला सांगणार नाही.

मग ती म्हणाली, "मले खाली बसवा."

"आत्याबाई, ताप हाय तुमाले," सिंधू म्हणाली.

"सारे खाली बसले. मीबी बसते."

तिला उचलून माझ्यावर बसवलं, मधोमध. मित्रांनो, ती इतकी हलकी झाली होती की पाखरू बसल्यासारखं वाटलं. एका बाजूने सिंधूने धरलं, दुसऱ्या बाजूने तेरूने. वस्ती दाटीवाटीने बसली. ती लहान प्रार्थना आली. माझ्या घरी यावंस एवढी माझी लायकी नाही, असं सगळे म्हणाले. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मागाहून तिचा एकटीचा आवाज आला, तुटक, पण शब्द एकही न चुकता.

त्या दिवशी कोणी उठून पुढे गेलं नाही. फादरच खाली वाकले आणि सगळ्यांच्या आधी तिच्याकडे आले.

ती डोळे मिटून बराच वेळ बसली. मास्तर उपरण्याने तोंड पुसत होते. तेरूला राहवलं नाही. "आजी, कसं वाटते वं?"

सुभद्राबाईंनी डोळे उघडले. "भूक लागली," ती म्हणाली. "भाकर असन तं दे."

ती त्या दुखण्यातून उठली. नंतर तीन वर्षं प्रत्येक मिस्सेला आली. बसायची बायकांच्या मधोमध आणि उठायची सगळ्यांबरोबर. एका नाताळानंतर ती गेली. मरतानाही तिला तीन व्यक्ती आणि एक देव यांचा हिशेब जमला नव्हता, असं मास्तर सांगतात आणि सांगताना डोळे पुसतात.

पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला. लोक खडी फोडायला गेले. त्यांची तान्ही लेकरं दिवसभर माझ्यावर निजत आणि मी त्यांचं सगळं ओलंकोरडं सोसलं. ओढा आटला तसे काही जण जालन्याकडे गेले, काही अकोल्याकडे. चौदा घरांची सहा झाली. मग कुठूनशी बाकं आली, चांगली सागवानी. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना आराम झाला, याचा मला आनंदच आहे. पण बाकावर माणसं एकेकटी बसतात. माझ्यावर मांडीला मांडी लागत असे.

मला गुंडाळून या खोलीत ठेवलं त्याला दोन वर्षं झाली. एका टोकाला उंदरांनी घर केलं आहे. मिस्सेचे आवाज भिंतीतून ऐकू येतात. ती लहान प्रार्थना झाली की मी कान देते. पावलं पुढे जातात. कोणी मागे राहिलं का, ते इथून कळत नाही, आणि जीव तुटतो तो त्यासाठीच.

म्हणून मित्रांनो, तुम्ही देवळात जात असाल, मशिदीत जात असाल, नाहीतर शाळेच्या वर्गात बसत असाल, एकदा मागे वळून बघत जा. दाराजवळ कोणी बसून राहिलं असेल तर त्याला हसू नका. जवळ जाऊन विचारा. बाकी माझं मागणं थोडं आहे. वर्षातून एकदा मला उन्हात टाका, झटका, उसवलं असेल तिथे चार टाके घाला. बद्रुद्दीनचाचांची वीण अजून मजबूत आहे.

आणि कधी सवड झाली तर मला अंथरा, आणि दोन घटका बसायला या.