शाईनं लिहिलेली फेरी

“पूल पायी ओलांडायचा बरं का. गाडीत बसून गेलं की आपण पलीकडे पोचतो, इतकंच. त्याला ओलांडणं म्हणत नाहीत. मधोमध थांबायचं, कठड्याला खालून हात लावायचा. मधलीला ने तिकडे. माझे पाय काही आता साथ देत नाहीत.”

अप्पा हे बोलले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि अप्पांना जाऊन आठ महिने. त्यांच्या उशाशी बसून त्यांची लेक “नेते” म्हणाली होती. एवढा एकच शब्द. पण तिच्या लेखी दिलेला शब्द हा रोजच्या नेमासारखा होता. कुणी बघत नाही म्हणून तो चुकवायचा नसतो, आणि ‘जमलं तर बघू’ला त्यात जागा नसते.

धुलाईच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून ती रफूचं काम करायची. कुणाचा कोट खिळ्याला अडकलेला, कुणाची शाल उंदरानं कुरतडलेली. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा आणि भोक असं विणून टाकायचं, की मालकालाही शोधून सापडू नये. बोलणंही तसंच, हळू. घरातलीही बरीच भोकं ती अशीच विणून टाकायची, आणि घरच्यांना वाटायचं, आपलं सगळं कसं अखंड आहे.

अप्पा रंगारी होते. शहरातल्या लांबलचक लोखंडी पुलाला रंग देण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. एका टोकाचा रंग पुरा होईतो दुसऱ्या टोकाला गंज धरलेला असे, त्यामुळे ते काम कधी संपलंच नाही. संध्याकाळी ब्रश जिथे थांबे, तिथे कठड्याच्या खालच्या अंगाला ओल्या रंगात अंगठा दाबून ठेवायची त्या रंगाऱ्यांची रीत होती. सकाळच्या धुक्यात दिसलं नाही तरी हात फिरवला की समजावं, कालचं कुठे संपलं आणि आजचं कुठून धरायचं. दुसऱ्या दिवशी तो ठसा नव्या रंगाखाली जाई. पण अप्पांच्या नोकरीचा शेवटचा दिवस नेमका पुलाच्या मध्यावर संपला, आणि बाकीच्या रंगाऱ्यांनी ठरवलं, म्हाताऱ्याचा हा अंगठा झाकायचा नाही. तेव्हापासून तेवढी चार बोटं जागा सोडून ते रंग देत आले होते.

काम सुटल्यावर अप्पा लेकीकडे राहायला आले, आणि ही गोष्ट मधल्या नातीला तोंडपाठ झाली. खाटेवर बसून आजोबा-नात रोज तो पूल ओलांडत. कधी वारा फार असे, कधी खालून बोट जाई. मध्यावर आले की अप्पा खाटेच्या कडेखाली बोट लावत आणि म्हणत, “हा बघ. सापडला.”

आता चार वर्षांनी पहिल्यांदाच घरातली सगळी चार दिवस शहरात जाणार होती.

रविवारी दुपारी नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. तो बस डेपोत टाइमकीपर होता. कुठली गाडी कितव्या मिनिटाला सुटेल, कुठला ड्रायव्हर कुठल्या फेरीवर, हे आखण्यात त्याचा हातखंडा. त्याच्या तक्त्यात चौकोन रिकामा राहिला तर त्याला घास गिळत नसे. तक्ता आधी पेन्सिलीनं आखायचा, साहेबांची मंजुरी आली की वरून शाई फिरवायची. आणि एकदा शाई लागली की गाडीत उतारू एक असो की शंभर, फेरी सुटते म्हणजे सुटते. शाईची फेरी त्यानं उभ्या नोकरीत एकदाही रद्द केली नव्हती. पाहुण्यांसमोर तो हे आवर्जून सांगायचा.

“थोरली,” त्यानं रकान्यावर पट्टी ठेवली. “पहिला दिवस, चित्रांचं दालन, दहा ते एक.”

“एकटीनं,” थोरली म्हणाली. ती सोळा वर्षांची होती आणि कानातला इयरफोन न काढताच घरच्यांशी बोलायची. “आणि भोपू जिथे असेल तिथे मी नसेन. तेवढं तक्त्यात घाला.”

भोपू म्हणजे धाकटा, चार वर्षांचा. त्याचा आवाज ऐकून डेपोतल्या मंडळींनीच ते नाव ठेवलं होतं. तो टेबलाखाली चमच्याची बस चालवत होता. “मला मोठ्ठा मासा बघायचाय!”

“घातलाय तुझा मासा. दुसरा दिवस, साडेनऊ. दुपारी दोन ते साडेतीन झोप.”

“मी नाही झोपणार!”

“तक्त्यात आहे,” बाप म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

मधली दहा वर्षांची होती. खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून ती मघापासून तक्ता वाचत होती. “बाबा, माझ्या रकान्यात चारही दिवस ‘राखीव’ लिहिलंय.”

“हो तर!” तो खुलला. “थोरलीला सोबत लागली तर तिकडे, भोपूला धरायला कुणी लागलं तर इकडे. अगं, राखीव गाडी म्हणजे डेपोतली सगळ्यात भरवशाची गाडी. रडणारी, धूर ओकणारी गाडी कुणी राखीव ठेवतं का?”

तो अगदी मनापासून बोलत होता. याहून मोठं कौतुक त्याच्यापाशी नव्हतं.

मधलीनं जरा विचार केला. “पण ती गाडी दिवसभर गेटपाशीच उभी असते ना?”

“गरज पडली की निघते की.”

“दुसऱ्याच्या फेरीवर,” मधली म्हणाली आणि स्वतःचा पेला उचलून धुवायला गेली.

थोरलीनं एका कानातला इयरफोन काढला. आई नळाचा आवाज ऐकत राहिली. पोर रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या पोराचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं. ही तर पेला पुसून जागच्या जागी ठेवत होती.

“अहो,” आई म्हणाली, “तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पुलावर नेणार आहे. अप्पांना शब्द दिलाय मी.”

“मलाही आठवतंय गं. पण बसवू कुठे? पूल त्या टोकाला. जायला सव्वा तास, चालायला तास, यायला सव्वा तास. तेवढ्यात भोपूच्या दोन फेऱ्या होतात, आणि त्या सकाळी त्याच्याबरोबर तूच आहेस.” त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. “असं करू, परतीच्या दिवशी टॅक्सी पुलावरून नेऊ. वळसा पडेल, पडू दे.”

“गाडीतून नाही.”

“गाडीनं काय घोडं मारलंय? माझा जन्म गेला गाड्या सोडण्यात!”

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या, शहरात राहायची. उतरायचं तिच्याच घरी होतं, त्यामुळे तक्त्यावरचा शेवटचा शब्द तिचा. फोन टेबलावर ठेवला तरी तिचा आवाज खोलीभर फिरे.

“झाला का रे तुझा तक्ता? काय म्हणालास, पूल? त्या पुलावर काय आहे बघण्यासारखं? वारा नि ट्रक! आणि पुढच्या महिन्यात पायवाट बंदच होणार आहे त्याची. जुना रंग सगळा खरवडून काढणारेत म्हणे, पार लोखंडापर्यंत. नव्यानं रंगवला की बघा पुढच्या खेपेला.”

मधली दारात येऊन उभी राहिली होती. “सगळा रंग, आत्या?”

“सगळा गं बाई. गंजलाय मेला. आणि ऐक गं,” हे आईला होतं, “तिसऱ्या दिवशी दुपारी मी दहा माणसं जेवायला बोलावलीत, खास तुम्ही येणार म्हणून. सकाळपासून तू माझ्या हाताशी लागशील. तुझ्याशिवाय माझं पान हलायचं नाही.”

एरवी अशा वेळी आई म्हणायची, “बरं, वन्सं.” ते दोन शब्द तिच्या जिभेवर इतके बसलेले होते, की सगळ्यांनी ते न बोलताच ऐकले. नवऱ्यानं तर पेन्सिल कानावरून काढून लिहायलाही घेतलं.

“वन्सं, त्या सकाळी मी नसेन.”

“म्हणजे? कुठे असशील?”

“पुलावर.”

आवाज नेहमीचाच होता, हळू. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन तिनं काढून घेतलं. तिसऱ्या दिवसाचा चौकोन तिनं बोटानं शोधला, मधलीच्या रकान्यातल्या ‘राखीव’वर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘पूल. पायी. सकाळी ७.१०.’ तेच पुन्हा स्वतःच्या रकान्यात लिहिलं. अक्षर रफूच्या टाक्यासारखं बारीक, पण शाई काळीभोर.

“अगं, शाई...” नवरा अर्धवट उठला. “मंजुरी लागते त्याला!”

“दिली. मी दिली.”

“काय चाललंय तिकडे?” फोन ओरडला. “कुणी काही बोलाल का?”

“आईनं पेननं लिहिलं!” टेबलाखालून भोपूनं बातमी दिली.

संध्याकाळी कपडे आवरताना नवरा तिच्यामागे येऊन उभा राहिला. “ताई दुखावेल गं. तू एवढं सांभाळून घेतेस नेहमी, या खेपेलाही घे.”

तिनं घडी पुरी केली. “रफूला धागा कुठून काढतात माहितीय ना? त्याच कापडाच्या शिवणीतून. आजवर या घरात जिथे जिथे फाटलं तिथे मी मधलीच्या शिवणीतून धागा काढला. ती शहाणी, ती समजूतदार, तिला चालतं. आता तिची शिवण उसवायला आलीय. आणखी नाही काढणार.”

तो परत टेबलाशी जाऊन बसला. तक्ता मात्र त्यानं बदलला नाही. बदलता येतच नव्हता.

शहरातले पहिले दोन दिवस तक्त्याप्रमाणे पार पडले. मत्स्यालयात मधलीनं भोपूचे बूट सांभाळले. चित्रांच्या दालनाबाहेर थोरलीसाठी रांगेत उभी राहिली. कुणी काही म्हटलं नाही, कारण ती छान उभी राहायची. दोन्ही रात्री झोपण्याआधी ती आत्याच्या फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यापाशी गेली, आणि काळ्या शाईवर बोट ठेवून परत आली.

तिसऱ्या दिवशी आईनं पहाटे उठून अंघोळ उरकली, रोजची प्रार्थना केली, आणि सात वाजता मधलीची वेणी घालून दाराशी चपला शोधू लागली. आत्या स्वयंपाकघरातून हातात सुरी घेऊनच बाहेर आली.

“तू खरंच निघालीस? दहा माणसांची भाजी चिरायचीय!”

“साडेअकराला येऊन चिरते, वन्सं.”

“आणि तोवर?”

“तोवर थांबत नसेल तर मोठे तुकडे करा. पटकन होतात.”

आत्याचं तोंड उघडं राहिलं. सतरा वर्षांत या बाईनं तिला एक सूचना केली नव्हती, आणि पहिली केली ती भाजीच्या तुकड्यांची. ती भावाकडे वळली. “तू काय बघत बसलायस? सांग की हिला! एका रंगाच्या डागासाठी घर टाकून निघालीय!”

“डाग नाहीये, आत्या,” मधली बुटाची नाडी बांधत म्हणाली. “अंगठा आहे.”

इतक्यात भोपू जागा झाला. धावत येऊन त्यानं आईच्या पायाला मिठी मारली आणि आपलं नाव सार्थ केलं. वरच्या मजल्यावर खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. आईनं एक एक बोट सोडवलं, तर दुसऱ्या हाताची मिठी घट्ट. नेहमी इथेच गाडं अडायचं. कुणीतरी म्हणायचं, राहू दे आता, आणि मधली मुकाट बूट काढायची. आताही मधलीचा हात नाडीवर थांबला.

“बांध,” आई म्हणाली.

आतल्या खोलीतून थोरली आली, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. तिनं भोपूला काखेत हात घालून उचललं आणि पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. “चल, तुला गच्चीवरून बस दाखवते. रडलास तर एकही दिसणार नाही.” आत जाता जाता ती वळली. “हे तक्त्यात घालू नका.”

उरला नवरा. तो फ्रिजसमोर उभा होता. एकीकडे सुरी घेतलेली बहीण, एकीकडे चपला घातलेली बायको. त्यानं तक्त्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

“सात बारा,” तो म्हणाला. “दोन मिनिटं उशीर झालाय फेरीला.” आणि त्यानं दाराची कडी काढली.

“मी दुखावलेय हं,” आत्या म्हणाली. “लक्षात ठेव.”

“ठेवते, वन्सं,” आई म्हणाली. तिनं ते खरंच लक्षात ठेवलं, आणि बाहेर पडली.

मायलेकी जिना उतरल्या. खाली रस्ता नुकताच धुतलेला होता, आणि कोपऱ्यावरच्या थांब्याला पुलाकडे जाणारी बस यायची होती. बसनं पुलाच्या पायथ्यापर्यंत, तिथून पायी.

“आई, आजोबांचा कुठल्या हाताचा अंगठा होता?”

“उजव्या.”

मधली आईच्या दुसऱ्या बाजूला आली. डावा हात तिनं आईच्या हातात दिला, उजवा फ्रॉकला नीट पुसून खिशात घातला, आणि दोघी थांब्याकडे चालू लागल्या.