शुक्रवारचं पाणी

राजसीने बाटली पुन्हा हलवली. काळी पूड भोवऱ्यासारखी फिरली, हळूहळू खाली बसली, आणि वरचं पाणी होतं तसंच निळं राहिलं.

बदलापूरच्या कॉलेजात खपून तिने ती पूड केली होती. केसाहून हजारो पटींनी बारीक कार्बनच्या नळ्या, जीन्सचा रंग तेवढा धरून ठेवतील अशा घडवलेल्या. आता तिचे कॉलेजातले सर ती तपासायला येणार होते. नाल्याचं पाणी त्यांच्यासमोर निवळलं, तरच काम पुढे चालणार होतं. ती आण्णांच्या अंगणात बसत होती, उठत होती.

"आण्णा, नाल्यातूनच भरलंत ना पाणी?"

आण्णांची ख्याती अशी, की त्यांनी आज रविवार म्हटलं तर माणसं कॅलेंडर बघत. नाल्यामुळे आपली म्हैस निळं दूध देते, हे ते कित्येक वर्षं सांगत आले होते, आणि कॅम्प तीन वस्तीतल्या चहावाल्यापर्यंत सगळे हसत आले होते.

"नाल्यातलंच," आण्णा म्हणाले. उजवा हात लेंग्याच्या खिशातच होता. "पण आज शुक्रवार. जीन्स धुणारे कारखाने बंद. पाणी आलं नितळ. सरांपुढे तुझी फजिती नको, म्हणून विठाची कपड्यांची नीळ घातली त्यात."

"आण्णा, गोष्टी नंतर हां."

"ऐकू नको गं त्यांचं," विठाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तोंड उघडलं की थाप."

आण्णांनी खिशातून हात काढला. पाचही बोटं निळी होती.

राजसीने बाटलीतलं पाणी त्या बोटांशी ताडून पाहिलं.

"अहो, कपड्यांची नीळ म्हणजे जीन्सचा रंग नव्हे. माझ्या नळ्या तिला कशाला धरतील?" तिने बाटली पायरीखाली ओतून टाकली; थोडी पूड अजून शिल्लक होती. मोबाइल पाहिला. "सर अंबरनाथहून केव्हाच निघालेत. कारखान्याचं खरं पाणी आता कुठून आणू?"

"आहे की. काल भरलंय."

"कुठे?"

आण्णांनी हनुवटीनेच गोठ्याकडे दाखवलं.

राजसी रिकामी बाटली घेऊन धावली. सिमेंटच्या टाकीत गडद निळं पाणी होतं आणि म्हैस त्यात तोंड घालून उभी होती. चाहूल लागताच तिने मान वर केली. ओठांवरून निळे थेंब ठिबकले.

"ही हेच पिते?"

"नळाचं आम्हालाच पुरत नाही." आण्णा दारात घुटमळले. "दूध मात्र पांढरंच देते. तेवढीच थाप."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

राजसीने बाटली खाली ठेवली, आधी म्हशीचं दावं सोडलं आणि तिला टाकीपासून लांब ओढलं.